कॉफी प्या, मिफ्लेहकाका

जॉर्डनमधल्या सॉल्ट गावात कुणाला कुणाकडे काही मागायचं असलं, की मिफ्लेहला पुढे करत. सोयरीक असो की खुनाची माफी, तो यजमानाच्या घरी जाई, कॉफीचा कप हातात घेई आणि न पिताच खाली ठेवी. मग बैठकीत कुणीच कॉफीला हात लावत नसे. शेवटी यजमानाला म्हणावंच लागे, "कॉफी प्या, मिफ्लेहकाका, तुमचं काम झालं." मगच तो कप तोंडाला लावी. त्यानंतर शब्द फिरवणाऱ्याला गावात कुणी दारात उभं केलं नसतं. मिफ्लेहला या मानाचा भारी ताठा होता.

मग स्वतःसाठी मागायची पाळी आली. एकुलती लेक नौफ इजिप्तमध्ये, तन्ता शहरात दिलेली. नवरा परदेशी, तिची मूत्रपिंडं निकामी होत चाललेली, आणि सासरी नुसती चालढकल. मिफ्लेह व्याह्यांकडे, शौकींकडे गेला. कप खाली ठेवला.

"पोरीला माझ्याबरोबर पाठवा. अम्मानच्या मोठ्या डॉक्टरला दाखवतो."

"अहो व्याही, हे काय सांगणं झालं? तुमचा शब्द माझ्या दोन्ही डोळ्यांवर! ईद होऊ द्या, लगेच पाठवतो. कॉफी घ्या बघू, गार होतेय."

झालं! मिफ्लेहने कप उचलला, दाराआडच्या नौफकडे बघून हसला आणि एकटाच परतला.

ईद होऊन गेली, मागोमाग उन्हाळाही सरत आला. बायको थुरय्या रोज डोकं खाई, "अहो, एक फोन करा ना!"

"त्यानं कॉफी पाजलीय मला. पुन्हा विचारायचं म्हणजे तोंडावर खोटारडा म्हणायचं."

"घाला ती कॉफी चुलीत! काल पोरीचा आवाज ऐकलात का?"

ऐकला होता. तरी या ताठ माणसाने फोन केला नाही. पुढचा फोन तन्त्याहूनच आला, नौफ गेल्याचा.

तन्त्याला मयताच्या बैठकीत शौकी मिफ्लेहच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. खोटं रडत नव्हता. "व्याही, तुम्ही पुन्हा बोललाच नाहीत! मला वाटलं, तुमचाच विचार बदलला. आमच्याकडे पहिल्यांदा मागितलं की तोंडावर नाही कोण म्हणतं? ज्याला खरंच हवं असतं तो पिच्छा पुरवतो. आणखी एकदा म्हणाला असतात, तर मी स्वतः तिला विमानात बसवली असती हो!"

कुणीतरी मिफ्लेहच्या हातात बिनसाखरेची कॉफी दिली. त्याने ती न पिताच खाली ठेवली. आजूबाजूचे आपापली कॉफी पीत राहिले. त्याला काय हवंय, हे तिथे कुणी विचारलं नाही.