सुया घासायची खोली

त्या खोलीत आमी तिघीच. मी, माजी मोठी नणंद, आनि वॉर्डाची मामजेल, म्हंजे मोठी नर्स. मामजेल दारात उभी, आमी दोघी दगडापाशी बसलेल्या.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आमच्या बेटावरच्या रोझ बेल गावाहून बस धरून आमी लोपितालात, म्हंजे दवाखान्यात, कामाला जायचो. तवा सुई फेकत नव्हते. उकळून परत परत वापरायचे, बोथट झाली की आमच्याकडं. टोप भरून रगताच्या सुया यायच्या. पान्यात बुचकळायच्या, आत बारीक तार घालून साकळलेलं काढायचं, तेलाच्या दगडावर टोक घासायचं. मंग टोकाला वाकडी धार, आकडा, ऱ्हायला का बघायचं. कापसावरनं ओढून बघा, आसं सांगितलेलं. वन्सं बोटावरनं ओढायच्या.

"वन्सं, बोट हाय का सुपारी?"

"कापूस खोटं बोलतो गं. बोट न्हाय बोलत."

मी बी तसंच शिकले. समदं झालं की शेवटी उकळायचं. उकळनं आजाऱ्यासाठी. आमच्यासाठी कायच नव्हतं, आनि आमाला ते कदी सुचलं बी न्हाय.

वन्संचे डोळे पिवळे झाले. घरात उसाचा रस पाजला, तेल बंद केलं. पंधरा दिसांनी त्या मलाच आई म्हनून हाक मारायला लागल्या, तवा लोपितालात नेलं. डॉक्टरनं त्यांची टोचलेली बोटं उलटी करून बघितली.

"काय काम करते ही?"

मी सांगितलं.

"ही कावीळ सुयांवरच्या रगतातनं आलीय," येवडंच बोलला.

तिसऱ्या दिशी गेल्या. नवरा मेल्यापासनं त्या आमच्यातच ऱ्हायच्या. त्यांची दोन पोरं, माजी तीन.

तेरावं झालं आनि मी कामावर गेले. टोप उचलला तो सरळ गॅसच्या चुलीवर ठेवला.

"कि तो पे फेर?" मामजेल वरडली. म्हंजे, काय करतेस हे?

"आधी उकळते, मामजेल. मंग घासते. मंग परत उकळते."

"गॅस तुजा बाप भरतो? उद्यापासनं येऊ नको!"

काम गेलं तर पाच तोंडं. पन मीच गेले तर?

"काढा मला," म्हनले. "पन आजच्या सुया उकळूनच घासनार."

तिनं वन्संच्या रिकाम्या पाटाकडं बघितलं. छातीवरचं घड्याळ उलटं करून म्हनली, "आर्धा घंटा. जास्त न्हाय."

तितकाच घेतला, रोज, कितीक वर्सं.

मंग फेकायच्या सुया आल्या, खोली बंद झाली. मला झाडलोटीला लावलं. आनि एक दिस कचऱ्याची पिशवी उचलली, तर सुई पिशवीतनं माज्या मांडीत शिरली. कुनाची, कुनाला ठावं. सा म्हैने मी रोज आरशात डोळे बघत व्हते. मला काय झालं न्हाय.

तर वाचनाऱ्या बाबा, बाय, तू डॉक्टर असशील, न्हायतर घरी साखरेसाठी टोचून घेत असशील. सुई जाड डब्यात टाक, वरनं झाकन लाव. पिशवीत टाकू नको.