कोरलच्या लाईटीपायी

पार्लरमध्ये संध्याकाळी केस झाडून काढता येतात, किस्से मात्र साचत जातात. नगर जिल्ह्यातल्या कर्जतला मी आणि माझी मैत्रीण रुख्साना मिळून पार्लर चालवतो. जमलेली लग्नं, मोडलेली लग्नं, पळून जाऊन केलेली लग्नं ऐकून आमचे कान किटलेत. तरी हल्ली कुणी "काहीतरी सांग गं" म्हणालं की मी कोरलच्या लाईटीचंच सांगते.

झालं असं, की मी नगरला फेशियलचं सामान आणायला गेले होते. शेजारी माशांचं दुकान होतं. आत काचेच्या टाकीत एका दगडावर हिरवट बोटं पाण्यात हलत होती. मला वाटलं शेवाळ. दुकानदार म्हणाला, हे सॉफ्ट कोरल, समुद्रातलं, जिवंत आहे, नवशिक्यालाही जमतं. मी तिथेच खिळले. आजवर जे घेतलं ते उपयोगाचं घेतलं. कुकर घेतला, शिलाई मशीन घेतलं, वाफेचा स्टीमर घेतला. ह्याचा कशालाच उपयोग नव्हता आणि मला ते हवंच होतं. छोटी टाकी, एक मासा आणि ते कोरल घेऊन मी एसटीत बसले.

पार्लरची जागा आमच्या सासूबाईंची. त्या दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाईचं माहेर, सासर, आजोळ काढतात. टाकी बघून म्हणाल्या, "प्यायच्या पाण्याची बोंब, आन् ही दुकानात समुद्र करतीय." मग निकाल दिला. तुळशीच्या लग्नापर्यंत ठेव. पुढं लग्नसराई, त्या जागेवर नवरीसाठी दुसरी खुर्ची येईल. तोवर हे फुललं तर बघू, नाहीतर टाकी विकायची.

आणि कोरल तर आणल्यापासून मिटून बसलेलं! दुकानदाराला फोन केला. त्याने विचारलं, लाईट कोणती लावलीय. मी म्हटलं, वर ट्यूबलाईट आहे की. तो म्हणाला, ताई, ती तुमच्यासाठी झाली, त्याच्यासाठी कोणती?

* * *

त्याने सांगितलेली परदेशी लाईट माझ्या स्कूटीपेक्षा महाग निघाली. मी म्हटलं, एवढ्यात मी समुद्रकाठी खोली घेईन. रुख्सानाने विचारलं, त्या लाईटीत असं असतं तरी काय. म्हटलं, निळा उजेड. "मग आपल्याकडं हाय की," म्हणाली आणि जेलची नेलपॉलिश वाळवायचा दिवा तिने टाकीवर पालथा घातला.

तो दिवा नखांसाठी केलेला. मिनिटभर पेटतो आणि आपोआप विझतो. रुख्साना तोंडात दोरा धरून थ्रेडिंग करायची, मधेच उठून बटण दाबायची, परत येऊन दोरा धरायची. त्या दिवशी एका मास्तरणीची एक भुवई कमान झाली आणि दुसरी पट्टी. कोरल ढिम्म.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "नखं वाळली आसतील त्याची. काढा आता."

* * *

माझे धाकटे दीर, संतोषभावजी, मांडव आणि लाईटीचं काम घेतात. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते दुखावलेच. घरात लाईटवाला असताना वहिनी बाहेर विचारते म्हणजे काय! लगेच टेम्पोतून स्टेजची लाईट घेऊन आले आणि टाकीवर बांधून दिली.

लाईट झकास होती, पण ती आवाजावर नाचणारी. हेअर ड्रायर सुरू केला की लाल, हिरवी, निळी, पिवळी भराभर पळायची. ड्रायर बंद केला की शांत. बिचारा मासा दगडाखाली शिरला तो जेवायलाही बाहेर येईना. एका गिऱ्हाईक बाईने आत येता येता विचारलं, कुणाची हळद आहे का.

भावजींनी मग मोठ्या मनाने ती काढून हॅलोजन लावला. वर म्हणाले, "वहिनी, आता मागं बघायचं कामच न्हाई." दुपारी मी पाण्यात हात घातला, तर आंघोळीचं पाणी! रुख्सानाने धावत जाऊन वायर ओढली. तोपर्यंत कोरल आक्रसून बोराएवढं झालं होतं. मी मागच्या खोलीत जाऊन रडले, खोटं कशाला बोलू. आजवर हौसेनं घेतलेली ती एकच गोष्ट, आणि तीही मी शिजवायला निघाले होते.

* * *

दुसऱ्या दिवशी कोरलचा फोटो घेऊन नगर गाठलं. दुकानदाराने फोटो मोठा करून बघितला आणि मलाच पाणी दिलं. म्हणाला, ताई, सॉफ्ट कोरलचं फार मागणं नसतं. साधी चिमट्याची एलईडी घ्या, फक्त पांढरा आणि निळा उजेड वेगवेगळा कमीजास्त करता आला पाहिजे. सुरुवातीला लाईट उंच टांगा, उजेड मंद ठेवा. रोज थोडी खाली आणा. "नवी सून घरात आली की पहिल्याच दिवशी तिला पुरणपोळीच्या परातीपुढं बसवता का? तसंच आहे हे."

मी मनात म्हटलं, आमच्याकडे बसवतात.

लाईट स्वस्तात मिळाली, पण वरखाली करायची कशी? रुख्सानाने युक्ती काढली. स्टीमरचा दांडा वरखाली होतो. स्टीमर उतरवला, लाईट चढवली. तेव्हापासून आमच्याकडे फेशियलला वाफ पातेल्यातून घ्यावी लागते आणि डोक्यावर टॉवेल घेतलेली बाई विचारते, सर्दी तुम्हाला झालीय का मला.

* * *

निळ्या लाईटीचा एक गुण आम्हाला कुणी सांगितला नव्हता. तिच्याजवळ बसलं की खांद्यावरचा कोंडा लखलखतो. एरवी दिसत नाही, तिथं कण न् कण मोजून घ्या. रुख्सानाने गुपचूप गिऱ्हाइकांचं बाकडं टाकीशेजारी सरकवलं आणि कोंड्याच्या ट्रीटमेंटला रांग लागली.

तोटाही झाला. तिसगावच्या एका मुलीने साखरपुड्याची लिपस्टिक त्याच बाकड्यावर बसून पसंत केली. आत ती जांभळी दिसत होती, बाहेर उन्हात विटकरी निघाली. तिची आई तावातावाने परत आली. पण मुलाकडच्यांनी "वेगळाच शेड आहे" म्हणून कौतुक केल्यावर तोच शेड तिने स्वतःसाठी नेला.

* * *

संध्याकाळी पडदा ओढला की आतून निळा उजेड रस्त्यावर पडायचा. एकदा एक पाव्हणा बराच वेळ समोर घुटमळला. शेवटी केसावरून हात फिरवून त्याने सासूबाईंना हळूच विचारलं, आत किती वाजेपर्यंत चालू असतं, आणि एकट्याला सोडतात का.

सासूबाईंना तो काय समजलाय ते बरोबर कळलं. पण त्या उठून बाजूला झाल्या. "सोडत्यात की. चल आत. दोन्ही भुवया कोरून देत्यात, वरच्या ओठाचं फुकट."

तो माणूस पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही.

* * *

आता कोरल सकाळी जरा बोटं उघडायचं. दुपारी बघावं तर मिटलेलं. आम्ही पाणी तपासलं, मीठ तपासलं, माशावरही संशय घेतला. शेवटी एक दिवस जेवायला गेल्यासारखं करून पडद्याआड उभ्या राहिलो. सासूबाई उठल्या, इकडंतिकडं बघितलं आणि टाकीची लाईट बंद करून पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या.

मी बाहेर येऊन जाब विचारला. त्या म्हणाल्या, दिवसाढवळ्या कुणी दिवा जाळतं व्हय? मी समजावलं, की ह्याला ऊन मिळत नाही, हा दिवाच ह्याचा सूर्य आहे, तो भर दुपारी मावळला तर ते काय करेल. त्यांनी उठून लाईट पुन्हा लावली. मग म्हणाल्या, "आधी सांगायचं न्हाई व्हय."

दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची दारातून टाकीपाशी आली. तिथं वारा बरा लागतो म्हणाल्या. तिथं वारा अजिबात लागत नाही.

पण म्हणून शब्द काही मागे घेतला नाही. तुळशीचं लग्न झालं त्याच रात्री सांगितलं, जामखेडच्या एका हॉटेलवाल्याला काउंटरवर टाकी ठेवायचीय, उद्या दुपारी येतोय. मला जेवण गेलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी हंगामातली पहिली नवरी खुर्चीत होती. तिचा एक डोळा पूर्ण झाला आणि लाईट गेली. आमचा इन्व्हर्टर म्हातारा. आरशाचे बल्ब लावले की दुसरं काही पेलत नाही. मी बल्ब लावले, टाकी अंधारात गेली, कोरल मिटलं. आणि नेमका तेव्हाच हॉटेलवाला आला, दोन माणसं आणि टेम्पो घेऊन.

त्याने वाकून बघितलं, काचेवर टिचकी मारली आणि सासूबाईंना म्हणाला, "मावशी, हे तर मेलंय."

सासूबाई उठल्या. भिंतीपाशी गेल्या, आरशाच्या बल्बांची पिन उपटली आणि तिथं टाकीची खुपसली. खुर्चीतली नवरी अंधारात. तिची आई ओरडली, अहो, मांडवात वऱ्हाड आलंय, पोरीचं तोंड अर्धं राहिलंय!

"ऱ्हाऊ द्या," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी काय मिटून बसत न्हाई."

मग त्या खुर्ची ओढून टाकीसमोर बसल्या आणि हॉटेलवाल्यालाही बाकड्यावर बसवलं. हळूहळू एक बोट सुटलं. मग दुसरं. मग सगळा दगडच हिरवागार होऊन पाण्यात डुलायला लागला. एवढं फुललेलं मीही कधी बघितलं नव्हतं. नवरीसुद्धा एका डोळ्याचं काजळ घेऊन उठून बघायला आली.

हॉटेलवाला खूश झाला. खिशात हात घालून त्याने माणसांना खूण केली, उचला रे.

"हात लावायचा न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "तुला बघायला बोलावलं हुतं. बघितलंस न्हवं? जा आता."

आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू काय उभी ऱ्हायलीस? टॉर्च घे, नवरीचा दुसरा डोळा कर."