‘नाकुसु’चा दुसरा अर्थ

कारखान्याच्या मळीचा आंबूस वास आला, की मला श्रीगोंद्यातला आमचा जपानीचा वर्ग आठवतो. गळीत हंगामात खिडक्या लावल्या तरी तो वास आत यायचाच. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी मिळावी म्हणून आम्ही शिकत होतो. त्या दिवशी बाईंनी इंग्रजीतलं ‘लूझ’ हे क्रियापद घेतलं. सामना हरला तर जपानीत ‘माकेरु’, वस्तू हरवली तर ‘नाकुसु’. आम्ही छत्र्या, किल्ल्या, चपला हरवल्याची वाक्यं करत हसत होतो. तेवढ्यात माझ्या शेजारच्या नर्सताईंनी हळूच विचारलं, “बाई, आपलं लेकरू गेलं तर कोन्ता शब्द?” त्यांचा मुलगा वर्षभरापूर्वी तापानं गेला होता, हे एकट्या मलाच ठाऊक होतं. बाई म्हणाल्या, “तोच. लिहिताना फक्त अक्षर बदलतं.” “मंग बोलताना समोरच्याला कसं कळायचं, काय हरवलंय ते?” “आधी ‘मुलगा’ म्हणावं लागतं, ताई.” ताईंनी अख्खं वाक्य म्हटलं. एकही चूक नव्हती, पण एरवी प्रत्येकीला शाब्बासकी देणाऱ्या बाईंनी लगेच पुढचा शब्द फळ्यावर लिहायला घेतला. पुढे ताई जपानला गेल्या. मी इथेच राहून आता शिकवते. हे क्रियापद आलं, की ते वाक्य मी कुणाकडून म्हणवून घेत नाही. मीच म्हणते आणि घाईनं पुढच्या शब्दाकडे वळते.