कोऱ्या फॉर्मवरचा अंगठा

जून आला की माझ्या दवाखान्यात खोकल्यापेक्षा एकच प्रश्न जास्त येतो. "मॅडम, पोरीला डॉक्टर करायचंय, अकरावीला गणित सोडलं तर चालेल ना?" मी हसून टाळते. टाळू नको तर काय करू? या प्रश्नाचं एकदा दिलेलं उत्तर अजून माझ्या मानगुटीवर बसलंय.

दहावीपर्यंत मी आणि माझी मैत्रीण नाशकात एकाच वसतिगृहात राहायचो. मी दिंडोरीची, ती पेठच्या डोंगरातली. गणित म्हणजे तिच्या हातचा मळ. मी वहीत खाडाखोड करत बसायचे आणि ही बया खिडकीतून बाहेर बघत उत्तर सांगून मोकळी! मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

अकरावीच्या फॉर्मच्या वेळी तिच्या गावाकडे भाताची लावणी चालू होती. वडिलांना पुन्हा खाली येणं जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी कोऱ्या फॉर्मवरच अंगठा उठवून दिला. "तुम्ही पोरी शिकलेल्या. तुम्हीच भरा," म्हणाले. माझं अक्षर बरं, म्हणून पेन माझ्या हातात. ती म्हणाली, "गणित आन् बायो, दोन्ही लिही." मी उसळले, "येडी का काय! डॉक्टर व्हायचंय ना? मग ते ओझं कशाला? दोन डगरींवर पाय ठेवलेस तर धड ना इकडे, धड ना तिकडे." आणि गणितावर सरळ काट मारली. ती काही बोलली नाही.

खरं कारण सांगू? गणितवाल्यांची तुकडी वेगळी होती, आणि नव्या कॉलेजात मला एकटीनं बसायची भीती वाटत होती. बस्स, एवढंच. लिहितानाही लाज वाटते.

मला मेडिकल लागलं. तिचं थोडक्यात हुकलं, आणि गणित नसल्यामुळे इंजिनिअरिंगचा रस्ताही बंद. वर्षभरात लग्न झालं. आता हंगामात ती आमच्याच शिवारात द्राक्षाच्या छाटणीला येते. डोळे मिटले की मला तो निळा अंगठा दिसतो. इतकी वर्षं झाली, जात नाही.

गेल्या जूनमध्ये ती दहावी झालेल्या लेकीला घेऊन दवाखान्यात आली. "हिला सांग गं, अकरावीला काय घ्यायचं?"

"गणित सोडू नकोस!" मी जवळजवळ ओरडलेच. पोर दचकली. तिला बाहेर बसवलं आणि तिच्या आईपुढे सगळं ओकून टाकलं: ती तुकडी, माझी भीती, सगळं. "मी तुझं वाटोळं केलं गं."

तिनं माझा हात धरला. "ठावं होतं मला. फॉर्म भरायच्या आधी दोन दिस तू जेवली नव्हतीस. येकटी पडली असतीस, म्हनून तर गप राहिले."