चार पर्यायांत न बसलेला माणूस

नांदेड-लातूर एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर तुरीच्या रोपांचा ट्रे. कुणाची पिशवी जवळ आली की हलकेच बाजूला सारायचा. झाडांच्या हार्मोनवर संशोधन करतो, म्हणाला. मी लातुरात मेडिकल प्रवेशाच्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतो. असा माणूस सोडतो होय! बॅगेतून प्रश्नसंच काढला.

"बी उगवू न देणारा हार्मोन कोणता? पर्याय चार."

त्यानं चष्मा कपाळावर चढवला, पर्याय दोनदा वाचले, मग अंगठ्यानं रोपाखालची माती चाचपत बसला.

"एकटा कुणीच न्हाई, सर. दुसरे हार्मोन, ओल, उजेड, समद्यांचं आपसात बोलणं चालतं. वीस वर्षं तेच ऐकून राहिलो. अजून पक्कं कळलं न्हाई."

मला कीव आली. आमची पोरं हे चाळीस सेकंदांत सोडवतात. असल्या उत्तराला मायनस एक! याला मी रिपीटर बॅचमध्येसुद्धा मागच्या बाकावर बसवला असता.

लातूर आलं. ट्रे छातीशी धरून उतरताना त्यानं विचारलं, "सर, तुम्ही बी उगवताना कधी बघितलंय का?"

"प्रॅक्टिकलचे मार्क प्रवेशाला धरत नाहीत," मी म्हणालो.