पुष्य नक्षत्र आणि माझा राग

मला राग आला होता, आणि तो थेट देवावरच होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला साधुपुरुष समजणार नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला. कडेची नजर राहील, मधली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे ज्याच्याकडे बघावं, नेमकं तेच पुसलं जातं. माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. आणि ही शिक्षा कुणाला? वीस वर्षं गच्चीवर गळ्यात दुर्बीण अडकवून ज्याने अख्ख्या कॉलनीला तारकागुच्छ दाखवले, त्याला! भेटायला येणारे "देवाची इच्छा" म्हणाले की माझं डोकं सणकायचं. एका शहाण्याने तर पिशवीभर गाजरं आणून दिली. मी सकाळची पूजा सोडली, काळारामाला जाणं सोडलं. बायको म्हणायची, "अहो, निदान हात तरी जोडा." मी तिच्यावरही खेकसायचो.

फेब्रुवारीत आमच्या आकाशदर्शनाच्या मंडळींनी मला जवळजवळ उचलूनच दिंडोरीजवळच्या एका द्राक्षमळ्यावर नेलं. तिथे मला खुर्चीत बसवलं, अंगावर शाल टाकली, हातात चहा दिला. माझी दुर्बीण दुसऱ्याच्याच गळ्यात. लग्नात कोपऱ्यात बसवलेल्या म्हाताऱ्यासारखं मला वाटत होतं. त्या संध्याकाळी पुष्य दाखवायचं ठरलं होतं. गुरुपुष्याला सराफाच्या दुकानात गर्दी करणाऱ्यांनी हे नक्षत्र कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं, याचाही मला फार जुना राग आहे. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांकडून मघेकडे जाताना वाटेत एक धुरकट ठिपका लागतो. दुर्बीण लावली की त्याच ठिपक्यातून ताऱ्यांचा घोळका बाहेर पडतो.

द्राक्षं खुडणारी बायकांची टोळी टेम्पोची वाट बघत थांबली होती. त्यांतली एक बाई माझ्या खुर्चीजवळ येऊन वर बघत होती. आमचा एक मित्र तिला जागा दाखवत होता आणि तिला काही दिसत नव्हतं. "काहीच नाय तिथं," ती म्हणाली. मला राहवलं नाही. "टक लावून बघू नका हो! पुसट वस्तू सरळ बघितली की हरवते. जरा बाजूला बघा, मग दिसेल." वीस वर्षं प्रत्येक नवशिक्याला हेच सांगत आलोय.

"दिसलं की! राख फुंकल्यावानी हाय," ती म्हणाली. मग दुर्बिणीतून बघून खूप हसली, आणि दुर्बीण माझ्यापुढे धरली. "बाबा, तुम्ही नाय बघत?"

"मला नाही दिसत. समोर बघतो तिथेच भोक पडलंय."

"मंग बाजूला बघा ना. आत्ता मला तेच म्हणले तुम्ही."

मी भडकलोच. "तुम्हाला काय कळतं त्यातलं?" असं चारचौघांत ओरडलो. तिने वाईट वाटून घेतलं नाही. दुर्बीण माझ्या मांडीवर ठेवली, टेम्पो आला होता, ती निघून गेली.

आता खरं सांगतो, मी दुर्बीण उचलली ती श्रद्धेने नाही. ती बाई चुकीची आहे हे मला सिद्ध करायचं होतं. मित्राने नेम धरून दिला. मध्ये तोच करडा डाग होता. रागारागाने मी नजर बाजूला ढकलली, आणि डागाच्या कडेने एक, दोन, मग कितीतरी तारे वर आले. अगदी रेखीव नव्हते, पण होते, सगळे आपापल्या जागी होते. मी रडलो, शाल तोंडाशी धरून रडलो. देवाने कडेची नजर ठेवली होती आणि मी सहा महिने नसलेल्या मधल्या नजरेसाठी भांडत बसलो होतो. तिची माफी मागायची म्हणून मळेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, टोळी रोज बदलते, कोणती बाई म्हणता? तिला देवाने पाठवलं की टेम्पो उशिरा आला म्हणून ती थांबली, मला ठाऊक नाही आणि त्यावर वाद घालायची इच्छाही उरलेली नाही. तिचे उपकार मात्र मी रोज आठवतो.

राग पुरता गेलाय असं नाही. आजही पेपर हातात घेतला की तो उसळतो. पण आपण म्हणू तिथेच आणि आपण म्हणू तसंच देवाने दिसावं, हा हट्ट मी सोडला. मळ्यावरून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काळारामाला गेलो. समोर राम, सीता, लक्ष्मण. सवयीने सरळ पाहिलं, तर मध्ये नुसता डाग. मी नजर लक्ष्मणावर नेली आणि तिथेच ठेवली. हळूहळू रामाचा चेहरा आला. मी हात जोडले.

मागच्या माणसाने माझ्या खांद्याला हात लावला. "आजोबा, राम मध्ये आहे. तुम्ही लक्ष्मणाकडे बघताय."

"माहितीये," मी म्हटलं. "दिसतोय मला."