नानांचं नाव

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत माझ्याच सख्ख्या काकांचं, नानांचं, नाव नव्हतं. आमच्याकडे पत्रिकेत गाववार अख्खी भावकी छापतात आणि जो तो फक्त आपलं नाव शोधतो. नानांनीही शोधलं, पत्रिका आमच्या ओट्यावर ठेवली आणि निघून गेले.

माझा पहिला संशय आबांवर, म्हणजे वडिलांवरच गेला. शेताच्या बांधावरून दोघा भावांचा अबोला होता, तो माझ्या साखरपुड्यात कसाबसा मिटला होता. कॉलेजला असताना याच नानांनी मला रोज मोटारसायकलवर सोनगीर फाट्यापर्यंत सोडलं होतं. ते नसतील तर मला ते लग्न नकोच होतं.

"मी त्यानं नाव दिन्हं शे," आबा म्हणाले. नाव दिलं होतं म्हणे; माझा विश्वास बसला नाही. नानांचा तर नव्हताच.

नावं मी लॅपटॉपवर डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात भरली होती, आबा सांगतील तशी, एका ओळीत एक माणूस. धुळ्याच्या ऑफिसात मी रोज हेच काम करते. प्रेसवाल्याला एकेका गावाची सगळी नावं सलग हवी होती, म्हणून डेटाबेसला सांगितलं, गावाप्रमाणे गट कर आणि प्रत्येक गटातली नावं स्वल्पविराम देऊन जोड. त्याने जोडली. आता मी पुन्हा मूळ नोंदींत पाहिलं, तर नानांचं नाव तिथे होतं. म्हणजे आबा खरं बोलत होते. मग प्रेसवाल्यावर संशय घेतला. पण पत्रिका नीट वाचली तेव्हा दिसलं की सोनगीरच्या, म्हणजे आमच्याच गावाच्या यादीत शेवटी छापलेल्या चुलतकाकांचं आडनावही अर्धंच छापलंय. त्यांच्याशी कोणाचं वैर नव्हतं! अशा जोडलेल्या मजकुराला लांबीची मर्यादा असते. मराठी अक्षरं जागाही जास्त खातात. मर्यादा भरली की पुढचं गुपचूप गळून जातं. बाकीच्या गावांच्या याद्या लहान, त्यांचं काही बिघडलं नाही.

मी लॅपटॉप घेऊन पळतच नानांकडे गेले. सगळं दाखवलं. मर्यादा वाढवून पुन्हा जोडलं, तेव्हा यादीच्या टोकाला त्यांचं नाव आलं. मला हायसं वाटलं.

नानांनी पडद्यावरची यादी बोट ठेवत वरून खालपर्यंत वाचली.

"मशीननी कापं, मानी लिन्हं," ते म्हणाले. "पन बेटा, तुन्हा बापना पाठवर मी शे. मंग मन्हं नाव बठ्ठासना शेवट कसाले व्हतं?" आबांच्या पाठचा सख्खा भाऊ सगळ्यांच्या शेवटी का, ते मला ठाऊक होतं.

आबांनी लांबच्या चुलतभावांपर्यंत सगळी नावं धडाधड सांगितली होती. मग उठून पाणी प्यायले आणि दारातूनच म्हणाले होते, "अन् तो." हे मी नानांना कसं सांगणार? मी लॅपटॉप मिटला.

नाना लग्नाला आले. आबांनी दोनदा हात धरून पुढे बोलावलं, पण ते मांडवात सगळ्यात शेवटच्या खुर्चीवरच बसले.